बायकांची चढण

बायको लारीन गेली त्या दुपारी व्हर्ल ख्रिस्टन्सन लसूणघासाला पाणी लावत होता. बांधावरून त्यांच्या चर्चचे बिशप चालत येताना दिसले. अंगात कोट, पायांत चांगले बूट, आणि ते बूट चिखलात रुतत होते. ते तोंड उघडण्याआधीच व्हर्लला कळलं. चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी उचलता उचलता ती खाली बसली होती, ती पुन्हा उठलीच नाही.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हे दुखणं रक्तातून उतरतं, तेव्हा मुलाला तपासा, नातवंडांना तपासा. मुलगा ब्राइस तपासून आला. त्यालाही निघालं, पण थोडं. गोळ्या सुरू झाल्या. मग ब्राइसच्या मुलीची, सोळा वर्षांच्या ब्रिनची तपासणी ठरली आणि ब्राइसने तारीख पुढे ढकलली.

"चर्चची वायोमिंगची सहल होऊ दे, बाबा. महिनाभर तिथे घालायला जुन्या पद्धतीचा घागरा शिवत बसलीय पोरगी. आत्ता सांगितलं तर तिला कोण जाऊ देईल?"

"तेच म्हणतोय मी. कुणी जाऊ देऊ नये."

"तिला काही झालेलं नाही. तुम्हाला आता सगळीकडे आईच दिसते."

ब्रिनला काही सांगणार नाही, असं व्हर्लने कबूल केलं आणि भांडी घासायला माणूस हवा का, असं बिशपना विचारून स्वतःचं नाव सहलीत घातलं.

त्यांच्या पंथाचे पूर्वज सामानाच्या हातगाड्या ओढत ज्या माळावरून पश्चिमेकडे गेले, तिथेच सहलीचं केंद्र होतं. आत काचेमागे जुनी चाकं, लहान मुलांचे झिजलेले बूट. व्हर्लने ते धड पाहिलेही नाहीत. त्याचं लक्ष ब्रिनकडे होतं. ती पायऱ्या चढली, मैत्रिणींशी हसली, मध्येच भिंतीला टेकली. टेकली का? दमली, की उगाच?

"पाणी पी, ब्रिन."

"आत्ताच प्यायले, आजोबा. तुम्ही पाठवलेल्या तिन्ही बाटल्या प्यायले. आता मी चालत नाही, पोहतेय."

मैत्रिणी खिदळल्या. व्हर्लही हसला आणि चौथी बाटली भरायला गेला.

दुपारी पूर्वजांसारख्याच पिठाची पोती आणि अंथरुणं लादलेल्या हातगाड्या घेऊन सगळे वाळूच्या चढणीपाशी आले. केंद्रात सेवा करणाऱ्या टॉलमनबाई, चर्चच्या भाषेत सिस्टर टॉलमन, दगडावर उभ्या राहिल्या.

"ज्यांचे नवरे वाटेतच गेले, त्या बायकांनी गाड्या सोडून दिल्या नाहीत. म्हणून ही चढण बायकांची. पुरुषांनी पुढे जायचं, दोन्ही बाजूंना टोप्या काढून उभं राहायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. कुणाला वाटलं आपल्यावाचून गाडी अडेल, तर त्याने डोळे मिटून घ्यावेत."

बायका हसल्या. व्हर्लने ब्रिन कुठे आहे ते पाहिलं.

पुरुषांच्या रांगेत तो, सहलीला आलेल्या ब्राइसच्या शेजारी उभा राहिला. ऊन माथ्यावर होतं. खालून पहिली गाडी निघाली. दांडीला मध्यभागी ब्रिन होती, दोन्ही बाजूंना दोन मुली, मागून ढकलायला तिघी.

"तिला मागे तरी ठेवायला सांग," व्हर्ल पुटपुटला.

"श्श. बाबा, सगळे ऐकतायत."

"तिचे ओठ बघ, पांढरे पडलेत."

"उन्हाने झालेत. गप्प उभे राहा ना."

ब्राइस समोर बघत होता, पण हातातली टोपी त्याने पिळून काढली होती. तोही घाबरलाय, हे व्हर्लला तेव्हा दिसलं, आणि त्याची भीती आणखी वाढली.

अर्ध्या चढावर चाक वाळूत बसलं. मुलींनी जोर लावला. गाडी हलली नाही. ब्रिनने दांडीवर कपाळ टेकलं आणि एक हात छातीशी नेला.

व्हर्ल रांगेतून निघाला. मागे कुणीतरी "ब्रदर ख्रिस्टन्सन!" म्हणालं. तो उतारावरून जवळजवळ घसरतच तिच्यापाशी पोचला.

"दांडी सोड."

"आजोबा, जा ना! हे आमचं आहे. तुम्ही सगळं घालवलंत!"

"छातीत काय होतंय?"

"काही नाही. या जुन्या टोपीची नाडी गळ्याशी टोचतेय." ती धापा टाकत होती. "सगळे बघतायत, आजोबा, प्लीज."

"बघू देत. आजी ज्याने गेली ते तुलाही असू शकतं. तुझ्या बाबाला निघालंय. तुझी तपासणी व्हायची आहे."

मुली दांडीशी तशाच उभ्या राहिल्या. ब्रिनने वर बापाकडे पाहिलं. ब्राइस मान खाली घालून उभा होता.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्हाला?"

"मलाही."

तिने दांडी सोडली. सिस्टर टॉलमन खाली आल्या, काही न विचारता तिच्या जागी उभ्या राहिल्या. गाडी निघाली. ब्रिन वाळूत बसून राहिली. व्हर्लने तिच्यावर सावली पडेल असं उभं राहून श्वास मोजायचा प्रयत्न केला, पण त्याचाच श्वास मध्ये येत होता. खरंच टोपीची नाडी टोचत होती की दुसरं काही, हे त्याला कळलं नाही. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला.

परतीच्या वाटेवर ती बापाशी बोलली नाही. व्हर्लशी एकदाच बोलली. "आजीला दुखत होतं का?"

"माहीत नाही, बाळा. मी शेतात होतो."

आता घरी येऊन आठवडा झाला. ती अल्पवयीन आहे, त्यामुळे दवाखान्याला बापाची सही लागते, आजोबाची चालत नाही. व्हर्ल रोज संध्याकाळी ब्राइसकडे जातो. ब्राइस म्हणतो, उद्या फोन करतो. ब्रिन वरच्या खोलीत असते. जिन्यावर तिची पावलं वाजली की दोघे बोलायचे थांबतात.

तपासणी अजून झालेली नाही.