टोळीशिवाय

पडद्यावर नव्या गेममधली होडी दिसली आणि दादरच्या त्या सभागृहात पहिली शिट्टी वाजली.

"टोळी दाखवा, टोळी!" मागून कुणीतरी ओरडलं. मग अख्खा घोळका बोंबलायला लागला.

परळच्या त्या स्टुडिओला सगळे 'टोळीवाले' म्हणूनच ओळखायचे. 'टोळी' म्हणजे गल्लीतल्या हाणामारीचा व्हिडिओ गेम. पाच भाग निघाले, पाचही तुफान चालले. त्यानंतर संघमित्रा आणि तिचा भागीदार हेरंब या दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, की मुडदे पाडण्यापलीकडेही आपल्याला काही येतं हे लोकांना दिसू दे. त्यातून 'ओहोटी' आला. मच्छीमार नगरातली एक बाई वादळात हरवलेल्या नवऱ्याची होडी शोधायला समुद्रात उतरते, एवढीच गोष्ट. मारामारी नावालाही नाही. संघमित्रा दोन वर्षं तहानभूक विसरून त्यात गुंतली होती.

"थोडं खेळून बघा, मग द्या शिव्या," ती माइकवर म्हणाली. उत्तरादाखल पाण्याची रिकामी बाटली मंचावर येऊन आदळली.

तेवढ्यात हेरंब पुढे आला. तिला वाटलं, हा आता पोरांना झापणार. त्याने तिच्या हातातला माइक काढून घेतला आणि हसला.

"अरे, थांबा रे! गेममधल्या या बाईचा नवरा कुठे गेलाय माहितीये? टोळीने उचललाय! आणि हिच्या हातात कोयता असणार, कोयता!"

पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

मंचामागे तिने त्याला गाठलं. "हे कधी ठरलं?"

"आत्ता. फाडून खाल्लं असतं त्यांनी."

"मला खाल्लं असतं. तुझी का तंतरली?"

"हे बघ, तुझ्या चाळीतली रडगाणी दाखवायला नाही काढला मी स्टुडिओ."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. 'टोळी'तली प्रत्येक गल्ली, प्रत्येक शिवी तिने वरळीच्या आपल्या चाळीतून आणली होती.

"पाच भाग त्याच चाळीवर जेवलास, हेरंब. तेव्हा गोड लागली ना?"

"कोयता येणार. तू नाही घातलास तर धम्मपाल घालेल."

धम्मपाल म्हणजे त्यांचा प्रोग्रामर. तो बाजूलाच वायरी गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. "ताई, मला नोकरी टिकवायचीय," एवढंच पुटपुटला.

संघमित्रा हेरंबकडे वळली. "टोळी ठेव तुला. माझा हिस्साही ठेव. ओहोटी मला दे."

"घे की," हेरंब म्हणाला. "कुत्रंही विचारणार नाही त्याला."

तो इतक्या सहज हो म्हणाला, हेच तिला जास्त लागलं.

कॉटन ग्रीनला जुन्या गोदामातली एक खोली घेऊन तिने गेम पुरा केला. तो बाहेर पडला त्या दिवशी 'टोळी'च्या भक्तांनी न खेळताच त्याच्यावर गरळ ओकली. पण काहींनी तो खेळला, दुसऱ्यांना सांगितलं, आणि हळूहळू त्याचं नाव झालं.

पुढे गेम बनवणाऱ्यांच्या एका संमेलनात हेरंब परदेशी पाहुण्यांसमोर ऐटीत सांगत होता, "ओहोटी ना? आमच्याच स्टुडिओचा धाडसी प्रयोग."

"यांनी उकिरड्यावर टाकलेला," संघमित्रा मागून मोठ्याने म्हणाली.

सगळे वळले. हेरंबने हसून हात पुढे केला. "संघमित्रा, आता जाऊ दे ना."

तिने हात घेतला नाही. पाहुण्यांकडे वळून तिने आपलं नाव सांगितलं आणि हेरंब तिथून हलेपर्यंत ती जागची हलली नाही.