जिन्यातली तपासणी

माझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मज्जासंस्थेच्या आजाराचे, डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर बसत आणि बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्यावर. आई त्यांना 'वरचे' आणि 'खालच्या' म्हणायची. मला मूल हवं होतं. वरचे म्हणत, "खाली विचारा." खालच्या म्हणत, "औषध त्यांचं, वर विचारा." लिफ्ट कायम बंद. डावा पाय ओढत मी वर्षभर जिना चढले-उतरले. वय काही थांबत नव्हतं. आजार गप्प होता, पण तो कधी उचल खाईल याचा नेम नव्हता.

"ही दोघं नवरा-बायको असती तर घटस्फोट झाला असता," आई म्हणाली. "तू कठडा धर. आणि हसू नकोस."

दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर ती गेली, चपला काढून जोडीने कडेला ठेवल्या आणि बेशुद्ध पडली.

नर्स किंचाळली. वरचे वरून धावत आले, खालच्या खालून. दोघं वाकताच आईने डावा डोळा उघडला.

"आलात? बसा पायरीवर."

"काकू, हा काय पोरकटपणा!" वरचे लाल झाले.

"पोरासाठीच चाललंय. आता मला नाही, एकमेकांना विचारा."

खालच्यांना हसू आवरेना. त्या बसल्या, म्हणून वरचेही बसले.

"आजार शांत आहे, मूल होऊ द्यायला हरकत नाही," वरचे म्हणाले. "पण हे औषध आधी बंद करायचं, आणि ते अंगातून जाईपर्यंत थांबायचं. गरोदरपणात त्रास बहुधा कमीच होतो. बाळंतपणानंतरचे महिने जपायचे."

"म्हणजे बाळंतपणाची तारीख तुम्हाला कळवायला हवी."

"मग कळवा की!"

"तुम्ही फोन उचलता?"

"जमलं बाई एकदाचं," आई झोपल्या झोपल्या म्हणाली.

मला दिवस गेले. सहाव्या महिन्यात आई स्वयंपाकघरात पडली. एक चप्पल पायात होती, दुसरी फ्रिजपाशी उडाली होती. मला तेव्हाच कळलं, आई गेली. तरी मी बराच वेळ तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिले.

नवव्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हाही लिफ्ट बंदच होती. वरच्यांकडून खाली येताना मधल्या वळणावर कळ आली. पाय सुजले होते, म्हणून चपला काढून कडेला ठेवल्या आणि पायरीवर बसले. नर्सने हाक मारली. दोघं आले. वरच्यांची नजर चपलांवर गेली.

"पुन्हा?"

"नाही हो, खरंच दुखतंय."

"तुझी आईपण हेच म्हणाली असती," असं म्हणत खालच्यांनी पोटावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "अहो, बघताय काय? धरा हिला!"

वरच्यांनी मला काखेत हात घालून धरलं. इतके गोंधळलेले ते मी कधी पाहिले नव्हते. "कुठं न्यायचं? वर?"

"खाली!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी माझे पाय तपासायला वरचे स्वतः जिना उतरून आले. हातात माझ्या चपला होत्या. त्यांनी त्या खाटेखाली ठेवल्या, जोडीने.