आशीर्वादाचं अंडं

सासूबाईंनी यंदाही अंडी उकडायला ठेवली, तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. "एकट्याला चालत नाही म्हणून बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" त्या म्हणाल्या आणि मी मूग गिळून बसले. सणाला भांडायचं नाही असं मीच ठरवलं होतं. मूर्खपणा, दुसरं काय!

आमच्या घरची ईस्टरची रीत ठरलेली आहे. सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला अंड्यांची टोपली न्यायची, फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडायचं आणि घरी आल्यावर आजीने प्रत्येक नातवंडाला मीठ लावून पहिला घास भरवायचा. माझी सात वर्षांची लेक या घासासाठी सकाळपासून उड्या मारत असते. पण धाकट्या गोटूला अंडं चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. तो आधी अंडं थुंकून टाकायचा, आम्हाला वाटायचं नखरे करतोय. गेल्या ईस्टरला आजीच्या हातचा घास त्याने पहिल्यांदाच गिळला. ओठ सुजले, गळा घरघरला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत माझं तीन वर्षांचं पोर निळं पडलं होतं.

एवढं डोळ्यांनी पाहूनही सासूबाईंचं पालुपद एकच. "औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला सगळीकडे आजारच दिसतात." नवरा सुतार आहे, लाकडाशी बोलतो तेवढं आईशी बोलत नाही. त्याने गोटूसाठी लाकडाची बारा अंडी कातून दिली. पोरांनी आठवडाभर जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून ती रंगवली. एका अंड्यावर गोटूने मासा काढला आणि त्याला सहा पाय लावले. मला वाटलं, यंदा सुटलो.

मिस्सेहून आल्यावर नवऱ्याने ती लाकडी अंडी पोरांना शोधायला लपवली. बुटांत, पडद्यामागे, रिकाम्या पातेल्यात. घरभर नुसता दंगा. मी पलंगाखाली वाकून लेकीला मुद्दाम चुकीची जागा दाखवत होते, एवढ्यात ती थबकून म्हणाली, "आई, गोटू कुठाय?"

मी धावले. स्वयंपाकघरात गोटू स्टुलावर बसला होता, डोळे मिटून, आ वासून. सासूबाईंच्या चिमटीत मीठ लावलेला पांढराशुभ्र तुकडा होता.

मी त्यांचं मनगट धरलं. असं धरलं की त्या कळवळल्या, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. गोटूच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तोंड रिकामं होतं.

"अगं, आशीर्वादाचं आहे हे!" त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुझ्यामुळे मिस्सेला उशीर झाला. टोपलीवर पाणी पडलंच नाही. म्हणून बाधलं त्याला. यंदा मी पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले. फादरनी दोनदा शिंपडलंय."

म्हणजे वर्षभर या बाईच्या डोक्यात हे शिजत होतं! माझं पोर मरता मरता वाचलं आणि दोष कुणाचा, तर माझ्या उशिराचा.

"सणासुदीचा तमाशा नको," दारात येऊन नवरा म्हणाला.

"तुम्ही तर बोलूच नका!" मी ओरडले. "आज तोंड उघडलंत तेही मला गप्प करायला!"

लेक रडायला लागली. मी खांद्यावरची पर्स टेबलावर उपडी केली, डॉक्टरांनी गेल्या वर्षी गोटूसाठी दिलेलं पेनासारखं इंजेक्शन उचललं आणि सासूबाईंच्या हातात कोंबलं. "घ्या. आता द्या तो घास. श्वास कोंडला की हे त्याच्या मांडीत खुपसायचं. तुम्ही खुपसायचं, मी हात लावणार नाही. आहे ना विश्वास? मग द्या!"

मी तसं होऊ दिलं नसतं. पण त्यांना ते कळू नये, एवढीच माझी इच्छा होती.

त्यांनी अंड्याचा तुकडा बशीत ठेवला. हात पदराला पुसले. मला वाटलं, आता रडतील, मग नवरा त्यांना जवळ घेईल आणि वाईट मीच ठरेन. पण त्या इंजेक्शन उलटंसुलटं करून बघत राहिल्या.

"हे घरात कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या पर्समध्ये."

"आणि तू दुकानात असतेस तेव्हा?"

रोज नऊ ते पाच गोटू त्यांच्याजवळ असतो. शेजारपाजारची पोरं येतात, कुणाच्या हातात काय खाऊ असतो कोण बघतं? आणि औषध माझ्यासोबत, औषधांनी भरलेल्या दुकानात. त्यांना यातलं काय कळणार, म्हणून वर्षभरात मी ते त्यांना एकदाही दाखवलं नव्हतं.

"कुठून धरायचं?" त्या म्हणाल्या. नजर माझ्यावरून हलली नाही.

राग उतरला नव्हता. आता तो कुणावर काढायचा तेवढं कळेना. मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांची बोटं धरली आणि कुठलं टोपण आधी काढायचं ते दाखवलं.