कणगीत कोण आहे ते मला ठाऊक होते

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि मला सतत काळजी वाटते. कशाची, असे विचाराल तर वाळवीची, चुलीची आणि लहान मुलांची. यांतली वाळवी त्यातल्या त्यात बरी. ती निदान शांतपणे खाते.

मी हातात धरून मिरवायची काठी नाही. मी सोवळ्याची काठी आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी हे नावही ऐकले नसेल, म्हणून सांगते. पूर्वी स्वयंपाक करणारी बाई आंघोळ करून धुतलेले वस्त्र नेसायची. त्या वस्त्राला दुसऱ्या कुणाचा हात लागला की ते विटाळले, पुन्हा धुवायचे. मग ते वाळवायचे कुठे? तर आढ्याजवळ एक दांडी टांगलेली असे, तिच्यावर. तिथवर हात कुणाचाच पोचत नाही, म्हणून मी. माझ्या टोकाने ओले वस्त्र उचलायचे, दांडीवर टाकायचे आणि मला कोपऱ्यात उभे करायचे. एवढेच माझे काम. पण ज्या घरात पाच मुले आहेत तिथे एखादी वस्तू कुणाच्याही हाताला लागू न देणे, हे काम एवढेच नसते.

माझा जन्म मावळातल्या बांबूच्या बेटातला. पुण्याच्या बुरुडाने आम्हा भावंडांना एकाच दिवशी तोडले. एकाची सुपे झाली. एक जण कणगीत विणला गेला. कणगी म्हणजे धान्य ठेवायचा उंच टोपला, आतून-बाहेरून शेणाने सारवलेला. आणि एक भाऊ तिरडीला गेला. त्याचे काम एका दिवसात आटोपले. उरलेल्या आम्हाला अजून त्याचा हेवा वाटतो.

मी आणि कणगी एकाच घरी आलो. घर शुक्रवार पेठेत, यज्ञेश्वरपंतांचे. राज्य पेशव्यांचे होते, आणि कात्रजच्या तळ्याचे पाणी नळाने शहरात येऊ लागल्याला वीसएक वर्षे झाली होती. आमच्या आळीच्या तोंडाशी त्या पाण्याचा हौद होता. पंत सरकारी दफ्तरात कारकून होते. दिवसभर इतके लिहीत, की घरी आल्यावर बोलायचे काही उरत नसे. त्यांच्या पत्नी सगुणाबाई. पंतांच्या थोरल्या, विधवा बहीण चिमाआत्या. आणि पाच मुले.

सर्वांत मोठी मैना, सात वर्षांची. सर्वांत धाकटा गोपाळकृष्ण, अडीच वर्षांचा. नाव एका टोकाला सुरू झाले की पोरगा संपला तरी नाव उरायचे. मधल्या तिघांची नावे सांगत नाही, कारण खुद्द त्यांच्या आईने हाक मारली तरी ती योग्य मुलाला मिळत नसत.

या पाचांनी मला घोडा केले, भाला केले, एकदा पालखीचा दांडा केले. पालखीत मांजर होते. ते स्वखुशीने बसले नव्हते. दर वेळी चिमाआत्या मला हिसकावून घ्यायची, पाण्याने धुवायची आणि मुलांना म्हणायची, "मोडा तिला. म्हणजे तुमच्या पाठीत घालायला दोन होतील." माझे जे काही कौतुक झाले ते एवढेच.

आता त्या दिवसाचे सांगते. आठवले की अजून माझ्या पेरांत कसेसे होते.

भाद्रपदाचा पितृपक्ष चालू होता. पंतांच्या वडिलांचे श्राद्ध होते. सगुणाबाई पहाटेपासून सोवळ्यात. खीर, वडे, अळूची भाजी, सगळे एकटीने. जेवायला तीन ब्राह्मण बोलावलेले. ते पानावरून उठेपर्यंत घरातल्या कुणालाही खायचे नाही, आणि आईला हातही लावायचा नाही. मुलांनी वेळ काढायला लपंडाव मांडला.

गोपाळकृष्णाला लपता येत नसे. तो अंगणाच्या मधोमध उभा राहून स्वतःचे डोळे मिटायचा. दर वेळी तोच आधी सापडायचा आणि रडायचा. मैनेला त्याची कीव आली. त्या दिवसांत जुने धान्य संपत आले होते, कणगी रिकामी होती. मैनेने उपड्या पाटीवर चढून त्याला आत उतरवले आणि सांगितले, "मी येऊन 'राज्य संपलं' म्हणेपर्यंत शब्द काढायचा नाही. हूं की चूं नाही. कळलं?" त्याने मान हलवली. मैनेने वरून सूप झाकले आणि ती स्वतः लपायला जाणार, तोच चिमाआत्या आली.

ब्राह्मण दाराशी पोचले होते. आत्याने चौघांना ओळीने भिंतीशी बसवले आणि बजावले, "आता ते जेवून उठेपर्यंत ज्याच्या तोंडून एक अक्षर निघेल, त्याला आज खीर नाही. आणि आजोबा उपाशी परत गेले तर ते पाप त्याच्या डोक्यावर."

मैनेने तोंड उघडले. आत्याने नुसते पाहिले. मैनेने तोंड मिटले.

मित्रांनो, नीट ध्यानात घ्या. मुलगा कणगीत आहे, हे घरात दोघींना ठाऊक होते. मला आणि मैनेला. मला तोंड नव्हते आणि मैनेला परवानगी नव्हती. ज्याला तोंड होते तो आत बसला होता, आणि त्याला तर मैनेनेच गप्प केले होते. त्या घरातली मुले जन्मात पहिल्यांदा सांगितलेले ऐकत होती. दिवस बघून ऐकले त्यांनी.

काठीला स्वतःहून एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे पडणे. मी आजवर अकरा वेळा नको तेव्हा पडले आहे. एकदा तर खुद्द पंतांच्या डोक्यात. आता मी जीव खाऊन पडायचा प्रयत्न केला. कणगी समोरच होती, चार हातांवर. पण आत्याने मला त्या दिवशी इतके नीट टेकवून ठेवले होते, की हलेना.

पाने मांडली. ब्राह्मण बसले. वाढण्याआधी सगुणाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून मुलांकडे पाहिले आणि विचारले, "वन्सं, गोपाळकृष्ण कुठाय?"

"असेल इथेच. पाच टोप्या खुंटीला आहेत, म्हणजे पाच पोरं घरात आहेत."

"तो टोपी घालून कधी बाहेर जातो?"

खरे तर आत्याचे म्हणणे बरोबर होते, पण ते आजतागायत कुणी मान्य केलेले नाही.

मग सुरू झाले. माजघर, माळा, गोठा. पंतांनी मुलांना विचारले, "तुम्ही पाहिलंत का रे?" मधल्या तिघांना खरेच ठाऊक नव्हते, त्यांनी माना हलवल्या. मैनेने मान हलवलीच नाही. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या समोरच्या कणगीकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होते. पंतांना वाटले, पोर भावासाठी रडते आहे. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते बाहेर धावले. तेवढ्यात कुणीतरी आंबील ओढ्याचे नाव काढले. ओढ्याला पाणी होते. पंत तिकडे गेले. त्यांच्या मागे तिन्ही ब्राह्मण, उपाशी, पळत.

सगुणाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. उंबरा ओलांडून रस्त्यावर गेल्या की सोवळे मोडले. पुन्हा स्नान, पुन्हा वस्त्र, पितरांची वेळ टळलेली. मला वाटले होते त्या थोडा तरी विचार करतील. त्यांनी मला उचलले आणि त्या सरळ आळीतून हौदाकडे निघाल्या. वाटेत त्यांना किती जणांचा धक्का लागला, कोण जाणे.

हौदाशी बायका जमल्या होत्या. एकजण म्हणाली, काठी लांब आहे, ठाव लागेल. सगुणाबाईंनी मला पाण्यात घातले.

मला ठाऊक होते की तो हौदात नाही. मी त्याला कणगीत उतरताना पाहिले होते. पण मित्रांनो, गार काळ्या पाण्यात उतरल्यावर ठाऊक असलेले काही ठाऊक राहत नाही. मी ज्या मुलाला पाहिले तो हाच का? मधल्या तिघांपैकी कुणी नसेल ना? सुपाखालून निघून तो मागच्या दाराने आला असेल तर? माझे टोक तळाच्या चिखलात रुतले, पुढे सरकले, आणि एका मऊ गोष्टीला लागले.

सगुणाबाईंना माझ्यातून ते कळले. त्यांचे हात एकदम थांबले. त्यांनी मला फिरवले, मऊ ते माझ्याभोवती गुंडाळले गेले, आणि दोन बायकांनी मिळून मला ओढून काढले.

कुणाचे तरी जुने धोतर होते.

सगुणाबाई हौदाच्या काठावर मटकन बसल्या. बायकांनी त्यांना धरून घरी आणले. माझ्यावरची त्यांची पकड काही सुटली नव्हती. घरात आल्यावर ती सुटली आणि मी एकदाची पडले. अर्थात कणगीपासून लांब.

स्वयंपाकघराच्या दाराशी चिमाआत्या बसली होती. अन्नावर मांजर येऊ नये म्हणून ती हलली नव्हती. मी मघाशी बाहेर गेले तेव्हापेक्षा ती म्हातारी दिसत होती.

आणि मग मैना उठली. तिने मला उचलले. मी तिच्या दुप्पट उंच, शिवाय चिखलाने माखलेली. ती मला ओढत कणगीपर्यंत गेली आणि तिने माझा टोला कणगीवर हाणला. एकदा. दोनदा.

"बघा, हिला आत्ता खेळ सुचतोय," आत्या म्हणाली.

तिसऱ्या टोल्याला सूप खाली पडले. सगुणाबाईंनी मैनेच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि कणगीत हात घातले.

तो आत बसला होता. घामाने निथळत, लालबुंद, ओठ घट्ट मिटून. सगुणाबाईंनी त्याला छातीशी धरले आणि हाका मारल्या. बाळा, गोपाळा, राजा. तो बोलेना. हलवले, पाणी पाजले. पाणी प्याला, पण आवाज नाही. नुसता मैनेकडे बघत होता.

"वन्सं," सगुणाबाई म्हणाल्या, "याची वाचा गेली हो."

मला वाटले, संपले. आत एकट्याला भीती बसली असणार. चिमाआत्या उठून आली. तिने पोराकडे पाहिले. मग पोर जिकडे बघत होते तिकडे, मैनेकडे पाहिले. मैना मुठी आवळून उभी होती, ओठ तसेच, अगदी भावासारखे मिटलेले.

आत्याला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती खाली बसली, म्हणजे मैनेएवढी झाली.

"बोल गं बाई," ती म्हणाली. "बोल. माझं चुकलं."

मैना भावाला म्हणाली, "राज्य संपलं."

आणि गोपाळकृष्णाने जो टाहो फोडला, तो आंबील ओढ्यापर्यंत ऐकू गेला असावा, कारण थोड्याच वेळात पंत परत आले. मागून ब्राह्मण आले. सगुणाबाईंनी दुसऱ्यांदा स्नान केले, दुसरे वस्त्र नेसले आणि पाने वाढली. आत्याने राखलेले अन्न जसेच्या तसे होते. मला त्या दिवशी कुणी धुतले नाही.

त्यानंतर मी त्या घरात पुष्कळ वर्षे होते. मग दांडी गेली, सोवळे गेले, मी माळ्यावर गेले. इथे वाळवी आहे. तिची मला सवय झाली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी म्हणायला हवे. जपा. पण त्याआधी एक ऐका. लहान मुलांना गप्प बसवायचे असेल तर खुशाल बसवा, फक्त आधी विचारा, काही सांगायचे राहिले आहे का. चिमाआत्या पुढच्या वर्षीपासून तसे करू लागली. श्राद्धाच्या दिवशी ती पाचांना समोर बसवायची आणि एकेकाला विचारायची. ते सांगायचे. सांडलेला रवा, चावलेली मुंगी, पडलेले स्वप्न, मांजराविषयीच्या तक्रारी. पाचवा सांगून होईपर्यंत पहिल्याला आणखी काही आठवायचे. पाने निवायची, ब्राह्मण चुळबुळायचे, भिंतीवर कावळे येऊन ताटकळायचे.

आत्या म्हणायची, "बसू देत. पितरांना कुठे जायची घाई आहे?"