सासूचा दबका आवाज

एक गाजलेली जुनी मालिका कशी घडली, यावर आता नवी मालिका निघतेय आणि तिच्यासाठी कलाकार निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्या जुन्या मालिकेतली खाष्ट सासू म्हणजे माझी आई. तिची भूमिका मिळावी म्हणून सकाळपासून बायकांची रांग लागली होती. प्रत्येकीने डोळे बारीक केले, दात आवळले आणि सापासारखं फुसफुसत म्हटलं, "सूनबाई, या घरात माझंच चालतं." ऐकून ऐकून माझं डोकं उठलं.

आईच्या त्या दबक्या आवाजावर लोकांनी लेखच्या लेख लिहिले. खरं कारण तिने माझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. सेटची भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड, आणि तिच्यामागे झोळीत तान्ही मी झोपलेली असायचे. मी उठले की शूटिंगचे तीनतेरा.

जेवणानंतर एक बाई आली. कॅमेरा चालू ठेवून आमचा कॅमेरामन खुर्चीतच पेंगला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, चपला दाराशीच काढल्या आणि तेच वाक्य अगदी हळू म्हटलं. म्हणतानाही तिचं अर्धं लक्ष त्याच्याकडे होतं. माझ्या अंगावर काटा आला.

ती गेल्यावर आमच्या दिग्दर्शकाने तोंड वाकडं केलं. "हिच्या आवाजात जरबच नाही."

"आईच्याही नव्हतीच," मी म्हणाले. "आणि हळू बोल, तो उठेल."