कोरडी पाठ

तुम्ही खोटं लिहिलंत. चौकशीला म्हणून टेबलामागे तिघं बसलात, पंखा लावलात, गार पाणी प्यालात, आणि शेवटी एक ओळ खरडलीत: "अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला." खाली शिक्का. शिक्का मात्र सरळ मारलात हो, जराही तिरका नाही. आता झालं काय ते ऐका, आणि मधेच घड्याळाकडे बघू नका.

तुमच्या हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना आहे. तिघांपैकी एकानं तरी तो पाहिलाय का, देव जाणे. वरचे नऊ मजले रक्त, पू, ओकारी सांडतात आणि ते सगळं चादरींवर बसून खाली येतं. एका टोकाला धुण्याची मशिनं, आणि दुसऱ्या टोकाला रोलर. रोलर म्हणजे माणसापेक्षा लांब, वाफेनं तापवलेलं लोखंडी लाटणं. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची आणि त्याच्या तोंडाशी लावायची. ते चादर ओढून घेतं आणि पलीकडून पापडासारखी सपाट बाहेर फेकतं. चादर आणि हात यांतला फरक त्याला कळत नाही.

त्या रोलरवर थोरली अकरा वर्षं उभी होती. तिच्या हातांवर केस नव्हते, मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांची शिडी होती. तिची धाकटी बहीण तिकडे लांब, खिडकीखालच्या टेबलावर घड्या घालायची. गार वाऱ्यात. ही मेहेरबानी नव्हती, डॉक्टरांचं पत्र होतं.

धाकटीला लहानपणापासून फिट यायची. आली की झाडासारखी आडवी व्हायची. वर अर्धशिशी, तीही अशी की भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दोन्हींवर एकच गोळी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. देताना समोर बसवून बजावलं होतं.

"या गोळीनं घाम कमी येतो. अंगातली आग बाहेर पडत नाही. म्हणून पाणी भरपूर प्यायचं, भट्टीपाशी थांबायचं नाही. आणि गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. बंद करायची वेळ आली तर मी करीन, थोडी थोडी कमी करत."

"आणि बाई, हिनं केलीच तर?" थोरलीनं विचारलं होतं.

"तर दाबून ठेवलेली फिट दार तोडून बाहेर येईल."

त्यानंतर दोन वर्षं फिट आली नाही. दोन वर्षं! थोरली रोज सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून गोळी गिळताना बघायची, जीभ वर करून दाखव म्हणायची. गोळीनं त्रासही दिला. बोटांत मुंग्या यायच्या, बोलता बोलता शब्द पळायचे. चादर म्हणायचं असलं की धाकटी हात हलवत राहायची: "अगं ती दे ना ताई... ती... लांबलचक बया."

"शिव्या तरी विसरलीस का?"

"शिव्या शाबूत आहेत. ऐकवू?"

नोकरीच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात दोघींनी अर्धशिशी लिहिली. फिट लपवली. ही लबाडी त्यांची, ती झाकायची नाही. पण खरं लिहिणाऱ्या एका बाईला तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. फॉर्मला डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडलं होतं: औषधामुळे घाम कमी येतो, उष्णतेपासून लांब ठेवावे, कामावर पाणी पिऊ द्यावे. त्यावर तुमच्या ऑफिसनं 'मिळाले' असा शिक्का मारला. तोही सरळच असणार.

मग नवा मुकादम आला. त्याचं नाव तीन दिवसांत टिपकागद पडलं. त्याची एक पद्धत होती. धुऊन आलेला पांढरा नॅपकिन हातात घेऊन फिरायचा, आणि काम करणाऱ्याच्या पाठीवर मागून तो दाबायचा. नॅपकिन ओला झाला, तर माणूस कामाचा. कोरडा निघाला, तर कामचोर. बायांच्या पाठीवर परक्या पुरुषाचा पंजा, पण मधे नॅपकिन आहे ना, मग तो पंजा नव्हे, तपासणी! बायांनी तक्रार केली. वरून उत्तर आलं, उत्पादन वाढलंय.

एका सोमवारी तो धाकटीच्या मागे गेला. नॅपकिन दाबला. काढला. उजेडाकडे धरला. मग सगळ्यांना दिसेल असा तो फडकवला.

"बघा! सकाळपासून उभी आहे आणि पाठ कशी, तर वाळवंट! राणीसाहेब आहेत या. खिडकीत बसून हवा खातात."

"मला औषधामुळे घाम येत नाही," धाकटी म्हणाली. "पत्र दिलंय. ते त्या... त्या..." तिला फाईल हा शब्द सापडेना.

"त्या त्या काय? खोटं आधी पाठ करून यायचं." तिच्या दंडाला धरून त्यानं तिला ओढत रोलरपाशी आणलं आणि थोरलीसमोर ढकललं. "इथे येईल घाम. इथे मेलेल्यालाही येतो."

थोरलीची तळपायाची आग मस्तकात गेली. "हात काढ तिच्या अंगावरचा! तिला उष्णता चालत नाही. जा, वर जाऊन पत्र वाच."

"तू मला वाचायला शिकवणार? चादर धर. नाहीतर दोघी बाहेर."

दोघी बाहेर पडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण घरात दोघीच कमावत्या. थोरलीनं चादर धरली.

दोन तासांत धाकटीचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला. कातडी कोरडी, हात लावला तर चटका बसावा अशी. घाम नाही, एक थेंब नाही. रोलरवर बाटली न्यायला बंदी होती. थोरलीनं चादरींच्या गाठोड्यात बाटली लपवून आणली आणि धाकटीच्या डोक्यावर ओतायला घेतली. टिपकागदानं मागून येऊन बाटली हिसकली आणि भिंतीवर फेकून मारली. झाकण थोरलीच्या कपाळाला लागलं. रक्त आलं. त्यानं तोच नॅपकिन तिच्यापुढे धरला: "घे, पूस. तुझा तरी ओला झाला."

तसे तीन दिवस गेले. रोज नॅपकिन, रोज कोरडा, रोज सगळ्यांसमोर शिव्या. तिसऱ्या संध्याकाळी घरी धाकटीला उलट्या झाल्या. थोरलीनं तिच्या अंगावर ओले टॉवेल टाकले, पाणी पाजलं, आणि मग स्वतःच फुटली. दिवसभराचा राग ज्याच्यावर काढायचा तो समोर नव्हता. समोर होती बहीण. थोरलीनं गोळ्यांची डबी उचलून आपटली.

"मरो मेली ही गोळी! धड बोलू देत नाही, धड घाम येऊ देत नाही. फेकून दे त्या गोळ्या, म्हणजे सुटशील त्या नॅपकिनातून!"

रागात माणूस काय वाटेल ते बोलतं. थोरली नंतर जमिनीवरच्या गोळ्या एकेक वेचून डबीत भरत रडली. "ऐकू नकोस माझं," असंही म्हणाली. पण बोललेलं बोलून झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून धाकटी गोळी गिळताना थोरली समोर उभी राहिली नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती तिला. डबी रिकामी होत होती, तेवढं ती बघत होती. गोळी पोटात जाते की मोरीत, हे बघत नव्हती.

पुढच्या मंगळवारी टिपकागद आला. धाकटीच्या पाठीवर नॅपकिन दाबला. या वेळी तो भिजला. मधोमध पंजाएवढा डाग.

"हं! आता लागली गाडी रुळावर," तो म्हणाला. "घाम नव्हता म्हणे. माझ्याकडे सगळ्यांना घाम येतो."

धाकटी हसली. चादरीच्या पलीकडून तिनं थोरलीला डोळा मारला. आणि थोरलीलाही क्षणभर, एवढासाच, बरं वाटलं. सुटलो बाई, असं वाटलं. मग तिला गोळी आठवली.

"तुला घाम कसा आला?"

"आला आपला."

"कसा आला?" थोरली ओरडली. रोलरच्या आवाजात ओरडावंच लागायचं, पण हे तसलं ओरडणं नव्हतं. "किती दिवस घेतली नाहीस?"

धाकटीनं चादरीचं टोक रोलरला लावलं आणि दुसऱ्या हाताची बोटं वर केली. पाच. पाच दिवस. ती बोटं तशीच वर राहिली. वळली. वाकडी झाली. डोळे वर गेले, घशातून जनावरासारखा आवाज आला, आणि ती पुढे कोसळली. रोलरवर.

बोटं आत जाऊ नयेत म्हणून रोलरसमोर आडवी पट्टी असते. तिला धक्का बसला की रोलर थांबतो. तो थांबला. पट्टीनं आपलं काम केलं, तुम्हा तिघांपेक्षा इमानानं केलं. पण तोवर हात मनगटाच्या वरपर्यंत आत गेला होता, आणि तापलेलं लोखंड थांबलं म्हणून गार होत नाही. वर फिट. ती जोरात झटके देत होती, अडकलेल्या हातासकट. दर झटक्याला कातडी लोखंडाला चिकटून राहत होती. वास सुटला. घडीच्या टेबलावरची एक बाई चादरीतच ओकली.

थोरली रोलर उचलण्याच्या दांड्यावर लटकली. तो दांडा वर्षानुवर्षं कुणी फिरवला नव्हता. तिनं तो फिरवला. खांद्यातून कट्कन आवाज आला, तरी फिरवला. लाटणं चार बोटं वर उचललं गेलं, हात सुटला, धाकटी खाली पडली. आणि तेवढ्यात उंटावरचा शहाणा आला. टिपकागद! चहाचा चमचा घेऊन.

"दातखीळ! दातखीळ बसलीय! तोंड उघडा!"

"तोंडात काही घालू नकोस! कुशीवर वळवू दे!" थोरली किंचाळली. हे तिला ठाऊक होतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी घालायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, वेळ बघायची. डॉक्टरीणबाईंनी हेही शिकवलं होतं. पण तो धाकटीच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता आणि चमच्याचा दांडा दातांत खुपसून पहारीसारखा पिळत होता. पुढचा दात तुटला. तोंड रक्तानं भरलं. धाकटी ते रक्त श्वासाबरोबर आत ओढू लागली.

ओली चादर पिळली की तिचा सोटा होतो. थोरलीच्या हाताला तीच लागली. पहिला फटका तिनं त्याच्या कानावर मारला. तो उलथा पडला. दुसरा तोंडावर. तिसरा, चौथा, पाचवा कुठे बसला ते तिनं पाहिलं नाही. मग चादर टाकून ती बहिणीपाशी बसली, तिला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त वाहू दिलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोठ्यानं मिनिटं मोजू लागली. तो मागे रांगत होता, पोलीस पोलीस म्हणत होता. कुणी त्याला उठवलं नाही. बायका रोलरकडे पाठ करून धाकटीभोवती कडं करून उभ्या होत्या.

सातव्या मिनिटाला स्ट्रेचर आलं.

धाकटी वरच्या मजल्यावर आहे. उजव्या हाताची तीन बोटं काढली. डॉक्टरीणबाई आल्या, पत्राची आपल्याकडची प्रत त्यांनी दोनदा वाचली, आणि थोरलीला एवढंच म्हणाल्या, "मला फोन का नाही केलास? डोस कमी करता आला असता, औषध बदलता आलं असतं. रस्ते होते ना." बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, अगदी लहान मात्रेपासून. पहिली गोळी डाव्या हातानं घेताना धाकटीनं स्वतःच तोंड उघडून जीभ वर केली. थोरलीला ते बघवेना, तरी तिनं बघितलं.

मग तुम्ही थोरलीला बोलावलंत. मुकादमाला मारहाण केली म्हणून कामावरून काढल्याचा कागद एका हातात, आणि दुसऱ्या हातात ती ओळ. सही करायला सांगितलंत.

"कामगारानं आजार लपवला," मधले साहेब म्हणाले. "औषध स्वतः बंद केलं. यात प्रशासनाचा काय संबंध?"

थोरलीनं पेन हातात घेतलं नाही. "साहेब, आधी माझं लिहून घ्या. फिट लपवली, ती आम्ही दोघींनी. आणि 'फेकून दे त्या गोळ्या' हे तिला कुणी सांगितलं, माहितेय? मी. तिच्या सख्ख्या बहिणीनं. लिहा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला तर हायसंच वाटलं. "म्हणजे चूक तुमची, हे मान्य आहे."

"माझ्या वाटणीची, सगळीच्या सगळी. जन्मभर मी ती उशाशी घेऊन झोपणार आहे. आता तुमच्या वाटणीची काढा."

"आम्ही लेखी कळवू."

"लेखी नको. तुमचं लेखी मी आत्ताच वाचलं." तिनं खुर्ची ओढली आणि न विचारता बसली. "खाली आमच्या जागेवर तुम्ही दोन नव्या बायका उभ्या केल्यात. येताना भेटून आले. त्यांतल्या एकीच्या फायलीतही डॉक्टरांचं पत्र आहे, तिनंच सांगितलं. त्यात काय लिहिलंय, ते तिच्या मुकादमाला माहीत नाही. तुम्हाला माहितेय? तुम्हाला? की तुम्हाला? तुमच्यापैकी कुणी वाचलंय, त्याचं नाव सांगा. कुणीच नसेल वाचलं, तर ती बाई या घटकेला रोलरवर का उभी आहे ते सांगा. बोला. मी बसलेय."