उपाशी गेलेली हॅना

अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याने माझं घर सावरलं, असं मी सांगते तेव्हा माझा नवरा उदय म्हणतो, वरदा, जरा जास्तच होतंय हं. होऊ दे. तो त्या दिवशी ऑफिसात होता, त्याला काय माहीत.

झालं होतं असं की आमची लेक अन्वी इथली, म्हणजे इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधली, चांगली आयटीतली नोकरी सोडून स्कॉटलंडला निघाली होती. कशाला, तर मेंढ्या राखायला. आधी लँबिंगचा सीझन, म्हणजे मेंढ्यांची बाळंतपणं, आणि आवडलं तर कायमची तिथेच. माझ्या सासऱ्यांनी नगरकडच्या शेतातून बाहेर पडायला जिवाचं रान केलं, आणि ही बया उलट्या पावली चिखलात चालली. आठवडाभर मी तिच्याशी बोलत नव्हते. दुपारची ट्रेन होती, तरी सकाळपासून मी गॅससुद्धा पेटवला नव्हता. जायचंय ना, जा मग. स्टेशनवर सोडायला येणार नाही, हेही ऐकवून झालं होतं. ती वर बॅग भरत होती आणि मी खाली सोफ्यावर फुगून बसले होते.

तेवढ्यात खिडकीतून दिसलं, मागच्या रेडवेवर, म्हणजे त्या लाल सायकलरस्त्यावर, एक उंच म्हातारा आमच्या गार्डनकडे टक लावून उभा आहे. एका हातात फोन, दुसऱ्यात नकाशाची घडी. म्हटलं, झालं, उदयने गार्डनमध्ये बांधलेल्या उंच शेडची कोणीतरी कौन्सिलला चुगली केली आणि हा बघायला आलाय. डोकं आधीच तापलेलं. तरातरा बाहेर गेले आणि विचारलं, काय पाहिजे?

त्याने टोपी काढली. नाव लायल हॅडली, आयोवात मक्याची शेती करतो म्हणाला. इथले सगळे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, सारखेच दिसतात, म्हणून सकाळपासून गोल गोल फिरत होता. मग खिशातून पेट्रोल स्टेशनवरचं एक चपटं झालेलं सँडविच काढलं आणि अगदी अदबीने विचारलं, ‘मॅम, तुमच्या गवतावर बसून मी हे खाल्लं तर चालेल का?’

मी म्हटलं, आता हे काय नवीन. तर त्याने कुंपणापलीकडूनच सांगायला सुरुवात केली.

त्याची खापरपणजी हॅना. हे गाव वसायच्या कितीतरी आधी इथे शेतं होती, आणि जुन्या नकाशाप्रमाणे तिच्या बापाचं घर बरोबर आमच्या गार्डनच्या जागी होतं. हॅनाला अमेरिकेला जाऊन नवी जमीन कसायची होती. आईला ते पसंत नव्हतं. निघायच्या दिवशी जेवायला बसल्या बसल्या दोघींची जुंपली, हॅना भरल्या ताटावरून उठली आणि आई दारापर्यंतसुद्धा आली नाही. पुन्हा त्या दोघी भेटल्या नाहीत. आयोवात हॅनाने मातीच्या ढेकळांचं घर बांधलं, दोन मुलं पुरली, आणि उरलेल्यांना घेऊन माळरान नांगरलं. भांडायला आलेल्यालाही ती जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. म्हातारपणी मात्र एकच बोलायची, मी आईकडून उपाशी आले.

‘आज आमची माणसं त्या जमिनीवर सुखात आहेत, ती तिच्यामुळे,’ लायल म्हणाला. ‘तिचे आभार मानायचे होते. आणि तिचं राहिलेलं जेवण तेवढं इथे जेवायचं होतं.’

वर अन्वीच्या कपाटाची दारं वाजत होती. मी त्याच्या हातातलं सँडविच काढूनच घेतलं.

‘खापरपणजीच्या माहेरी येऊन हे गार पाव खाणार? मी काय मेले आहे का?’ हे मी मराठीतच बोलले. पण त्याला कळलं असावं, कारण तो मुकाट्याने बूट काढून आत आला.

कुकर लावला, बटाट्याच्या काचऱ्या टाकल्या, कणीक मळायला घेतली. शिट्ट्या ऐकून अन्वी खाली आली. ‘आई, तू स्वयंपाक करतेयस?’ एवढंच म्हणाली. मी नुसती लायलकडे मान केली. दोघांचं लगेच जमलं. कोकरू गारठलं तर आधी पुसून कोरडं कर, मग ऊब दे, मगच दूध, असं तो सांगत होता आणि माझी लेक कान देऊन ऐकत होती. घरात एवढं कान देऊन ऐकलं असतं तर.

‘तुम्हाला हिचा अभिमान वाटत असेल,’ तो मला म्हणाला.

‘अजिबात नाही. राग आलाय.’

‘हॅनाच्या आईलाही आला होता. पण आम्ही तिचेही आभार मानतो. हॅनाचा हट्ट तिच्याकडूनच आलेला ना.’

अन्वी तोंडावर हात ठेवून हसली. मलाही हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. वरण-भातावर तूप घातलं आणि पहिलं ताट लायलपुढे ठेवलं. त्याने डोळे मिटून हळू आवाजात हॅनाचं नाव घेतलं आणि पहिला घास खाल्ला. दुसरं ताट अन्वीपुढे ठेवलं आणि म्हटलं, ‘जेव. मी चिडलेलीच आहे, पण तू जेव.’

ती पोटभर जेवली. लायलने तर पातेलंच रिकामं केलं. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून किती वेळ उभा होता. आभार त्याने मानले, पण खरे मी मानायला हवे होते. त्या गडबडीत राहूनच गेलं.

अन्वीला स्टेशनवर मीच सोडलं. मला काही पटलेलं नव्हतं आणि तसं मी गाडीत सगळ्या रस्ताभर तिला सांगत राहिले. तिनेही ऐकून घेतलं. प्लॅटफॉर्मवर तिची बॅग तिच्या खांद्यावर चढवत मी म्हटलं, ‘ते मेंढ्यांचं संपलं की घरी ये.’

‘नाही आई, तू ये.’

मी विचारलं, ‘कधी येऊ?’